मदत हवी आहे : लुईला दुसऱ्यांदा मुकुट कशासाठी?

नमस्कार मंडळी. बीएच्या पहिल्या वर्षाला मध्ययुगीन युरोप शिकवतेय आणि एका जागी अडलेय. इ.स. ८०० च्या नाताळात रोममध्ये पोप तिसऱ्या लिओने फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या डोक्यावर सम्राटाचा मुकुट ठेवला. पण ८१३ साली आखेनला मुलाला, लुईला, सहसम्राट करताना थकलेल्या शार्लमेनने पोपला बोलावलंच नाही. मग ८१६ मध्ये त्याच लुईने रीम्सला पोप चौथ्या स्टीफनकडून पुन्हा मुकुट का घालून घेतला? "मॅडम, राज्य तर हातात होतंच ना?" असं मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं. मला वाटतं, सरदारांची निष्ठेची शपथ मोडू शकत होती. पोपकडून मुकुटासोबत पवित्र तेलाचा अभिषेक झालेल्या राजावर उठणं मात्र पाप ठरायचं. एवढं कारण पुरेसं आहे का? जाणकारांनी कृपया समजावून सांगा, सोमवारी पुन्हा तास आहे.