डायऱ्या खऱ्या नि दप्तरं खोटी?

खवचट_खापर: दुसऱ्या धाग्यावर एका महाशयांनी ठोकून दिलंय: 'दक्षिण आफ्रिकेचा वसाहतकाळ कळायचा तर सरकारी दप्तरं विसरा, खाजगी डायऱ्या, पत्रं, कात्रणवह्या वाचा. त्या खोटं बोलत नाहीत.' डोकंच फिरलं. वह्या लिहायचं कोण? ज्याला कागद, फावला वेळ आणि चहा आणून देणारा नोकर होता तो! इंग्रज अधिकाऱ्याची बायको लेडी अ‍ॅन बर्नार्ड १७९७ ते १८०२ केपला, म्हणजे आजच्या केपटाऊनला होत्या. पत्रं झकास, मान्य. पण त्यांच्याकडे राबणाऱ्यांची पत्रं कुठायत?

तिरकस_तात्या: मग सोल प्लायकी कोण? दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंग गावच्या कोर्टातला दुभाष्या, वय २३, आफ्रिकन, नि डायरी लिहायचा. १८९९-१९०० च्या बोअर युद्धात बोअरांनी गावाला घातलेल्या २१७ दिवसांच्या वेढ्यात इंग्रज सेनानी बेडन-पॉवेल विलायतेत हिरो झाला, इकडे आश्रयाला आलेले काळे लोक उपाशी मरत होते. घोड्याचं मांस माणसांना शिजवून घालताना प्लायकीने पहिल्यांदा पाहिलं, डायरीत लिहिलं. मांस संपल्यावर मुंडकी आणली, लांब कानांसकट. कुठल्या सरकारी खलित्यात आहे हे?

खवचट_खापर: एक प्लायकी धरून किती नाचाल? त्याची डायरी छापली गेली १९७३ साली, तो गेला १९३२ ला. तोवर इतिहास कोणी लिहिला?

खाडीपलीकडची: मधेच बोलते. पणजोबा रत्नागिरीहून केपटाऊनला गेलेले. गावी यायचं तर परमिट, त्यावर फोटो नि अंगठा. मुदत टळली की केपटाऊनला परतायचं दार बंद. दादीने ते पत्र्याच्या पेटीत जपलं होतं. घर पाडताना चाचांनी पेटीतला सगळा कागद रद्दीत घातला. पणजोबांचा एकुलता एक फोटो शेवटी मिळाला तिथल्या सरकारी फाइलीत, चोराचा काढावा तसा काढलेला. आता बोला!

मोडीप्रेमी: रद्दी! आमच्या वाड्यातली मोडीची तीन पोती काकांनी अशीच घालवली. 'वाचतंय कोण?' म्हणे.

तिरकस_तात्या: तुम्ही तरी शिकलात का मोडी?

मोडीप्रेमी: वैयक्तिक होऊ नका. १९१२ ला गोखले जोहान्सबर्गच्या सभेत मराठीत बोलले, गांधींनी हिंदुस्थानीत सांगितलं. पुण्यात किती जणांना ठाऊक आहे? कागद जपायची अक्कलच नाही आपल्याला.

खवचट_खापर: विषय आफ्रिकेचा होता, पुणं कुठून आलं? असो. ताई, त्या फाइलीमुळे माझाच मुद्दा सिद्ध झाला.

खाडीपलीकडची: कसला सिद्ध? त्या फाइलीत पणजोबांचं एक वाक्य नाही. दोघांपैकी कोणाच्याही बाजूने मला घेऊ नका.

तिरकस_तात्या: बरं, खापरराव, दप्तरंही ठेवू. वाळवीलाही काहीतरी हवंच ना.

मोडीप्रेमी: पोती तीन नव्हे, चार होती. आत्ताच आईला विचारलं.