ग्रामसभेच्या जंगलात जाळरेषा: रुंदी किती, जाळायची कधी?

मोहफूल: गडचिरोलीत सामूहिक वनहक्काचं जंगल आहे. सागवान मिश्र, खाली कमरेएवढं गवत. हद्दीवर जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला आधीच जाळून मोकळा ठेवलेला पट्टा, काढायची आहे. काही जण म्हणतात, त्यापेक्षा अख्खं जंगलच हलकं जाळा, तेंदूही छान फुटतो. जाणकारांनी सांगावं.

रानवाट: हद्दीवर 12 मीटर, आतल्या वाटांना 6 मीटर. डिसेंबरात गवत कापा, आठ-दहा दिवस वाळू द्या. मग दोन्ही कडांना मीटर-दीड मीटर माती उघडी पडेपर्यंत खरवडा आणि गवत मधोमध ओढा. कड कच्ची राहिली की आग तिथूनच निसटते. 15 फेब्रुवारीपासून वनविभाग आगीचा हंगाम धरतो, त्याआत जाळणी उरकायची. उन्हं कलल्यावर पेटवा. वारा पडतो, हवेत ओल येते, अंधारात निखारेही दिसतात. एका वेळी शंभरेक मीटरच, वाऱ्याच्या विरुद्ध सरकेल अशी. उतारावर वरून खाली. ज्वाळा कमरेच्या वर गेल्या तर हिरव्या डहाळ्यांनी झोडपून आवरत नाहीत, म्हणून रास पातळ ठेवा.

पानगळ: +1. पण खरी फसगत नंतर होते. साग फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतो आणि जानेवारीत जाळलेली रेषा पुन्हा झाकली जाते. ती दर आठवड्याला झाडा, ब्लोअर मिळाला तर उत्तमच. नाहीतर रेषा फक्त नकाशावर!

गवताळ: अख्खं जंगल नको. फ्लोरिडात लाँगलीफ पाइनची जंगलं दर दोन-तीन वर्षांनी मुद्दाम जाळतात, पण त्या झाडाचं रोप आगीतून तगणारं आहे. आपल्याकडे दरवर्षी आग लागली की रोपं शेंड्यापासून मरतात, बुंध्यातून पुन्हा फुटतात, वाढत मात्र नाहीत. तेंदूसाठी झुडपं छाटा. फुलं वेचायला मोहाखालचा पाला जाळू नका, झाडा किंवा जाळी अंथरा. बरेच वणवे तिथूनच सुटतात. राखीव वनात आग लावणं 1927 च्या कायद्याच्या कलम 26 खाली गुन्हा आहे, तेव्हा ठराव करून वनपरिक्षेत्र कार्यालयाला तारखा लेखी कळवा. नाहीतर उपग्रहाचा इशारा जाऊन कर्मचारी धावत येतील.

मोहफूल: रेषेलगत वठलेलं पोकळ झाड असेल तर?

रानवाट: आग आत चढली की चिमणीसारखं पेटतं, ठिणग्या रेषेपलीकडे पडतात. बुंध्याभोवती दोन मीटर पाला साफ करा, ढोलीचं तोंड ओल्या मातीने लिंपा. जाळल्यावर ओंडके आणि वाळलं शेण उलटून पाणी मारा. दुसऱ्या दिवशी दुपारी, वारा सुटायच्या आत, फेरी हवीच.