मदत हवी आहे : कॅसेट संगणकावर घेताना आवाज मधेच तुटतो

नमस्कार मंडळी,

आजोळच्या जुन्या कॅसेट संगणकावर उतरवून घ्यायला बसले आहे आणि एका जागी अडकले आहे. जाणकारांनी मदत करावी. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे कुणाला पुन्हा विचारायची वेळ येणार नाही.

या कॅसेटमध्ये आजीच्या आणि तिच्या धाकट्या जावेच्या जात्यावरच्या ओव्या आहेत. १९८०च्या दशकात मामाने भोरजवळच्या घरी पहाटेचं दळण चालू असताना शेजारी टेपरेकॉर्डर ठेवून त्या भरल्या होत्या. दोघीही आता नाहीत आणि दुसरी प्रत कुणाकडेही नाही. एक कॅसेट ९० मिनिटांची आहे, म्हणजे पातळ फितीची. ती पुन्हा पुन्हा फिरवायला जीव धजत नाही.

त्रास असा. रेकॉर्डिंग ऐकताना मधेच बारीक 'टक्' येतं, कधी एखादं अक्षरच गाळलं जातं. नुसतं गाणं असतं तर कदाचित निसटलंही असतं, पण मागे जात्याची घरघर अखंड चालू आहे, आणि ती जिथे तुटते तिथे लगेच कानाला खटकतं. ऑडॅसिटीत (रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये) ती जागा मोठी करून पाहिली. तरंगाची रेघ वर चढता चढता एकदम उभी खाली पडते आणि तिथून पुढे चालू होते. मधला तुकडा नाहीच.

फितीचा दोष नाही, याची खात्री करून घेतली आहे. तोच भाग परत भरला की तुटण्याच्या जागा बदलतात. फीत खराब असती तर त्याच ओवीत, त्याच शब्दावर तुटलं असतं. शिवाय डेकला थेट हेडफोन लावला की आवाज स्वच्छ येतो.

माझी जोडणी : कॅसेट डेक, त्यातून लाइन आउटची वायर एका छोट्या यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाजाचे आकडे करून संगणकाला देणारी डबी), तिथून लॅपटॉप. लॅपटॉप विंडोज ७च्या काळातला आहे, त्यावर नंतर विंडोज १० चढवलं. रॅम ८ जीबी, एसएसडी आहे. रेकॉर्डिंग चालू असताना टास्क मॅनेजर उघडून पाहिला तर प्रोसेसर जेमतेम दहा टक्के वापरात असतो. म्हणजे मशीनवर ताण नाही, तरी आवाज तुटतो. हेच मला कळत नाहीये.

वायर बदलली, यूएसबीचा पोर्ट बदलला, ब्राउझर बंद ठेवला. फरक नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या ड्रायव्हरची (उपकरण विंडोजशी जोडून देणाऱ्या प्रोग्रामची) तारीख २१ जून २००६ दिसते आहे, इतका जुना ड्रायव्हर हेच कारण असेल का? 'अपडेट ड्रायव्हर' दाबलं तर सर्वोत्तम ड्रायव्हर आधीच बसवलेला आहे असं उत्तर येतं. दुकानातल्या मुलाने सगळे ड्रायव्हर आपोआप अद्ययावत करणारं एक सॉफ्टवेअर सुचवलं आहे. ते टाकू का? की सरळ नवा लॅपटॉप घ्यावा?

प्रतिसाद

ताई, नवा लॅपटॉप घेऊ नका आणि ते सॉफ्टवेअर तर मुळीच टाकू नका. असली सॉफ्टवेअरं चुकीच्या मॉडेलचा ड्रायव्हर बसवतात, बरोबर नको त्या गोष्टी आणतात, आणि नंतर नेमकं काय बदललं हे शोधणं मुश्कील होतं.

त्या २००६च्या तारखेने घाबरू नका. विंडोजसोबत येणाऱ्या ड्रायव्हरांवर ती तारीख मुद्दाम घातलेली असते. उत्पादकाचा ड्रायव्हर कधीचाही असो, तो विंडोजच्या सर्वसाधारण ड्रायव्हरपेक्षा नवा दिसावा आणि त्यालाच पसंती मिळावी, यासाठी ती सोय आहे. खरं वय आवृत्तीच्या आकड्यावरून कळतं.

पुढची पायरी : लॅटेन्सीमॉन नावाचा प्रोग्राम उतरवा, घरगुती वापराला फुकट आहे. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला किती वेळ अडवून धरतो हे तो मोजतो. सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, वायफाय वगैरे नेहमीसारखं असू द्या. मग 'ड्रायव्हर्स' या टॅबमध्ये सर्वांत जास्त वेळ घेणारी फाइल कोणती ते इथे लिहा. जुन्या लेखांमधून डीपीसी लेटन्सी चेकर नावाचा दुसरा प्रोग्राम सुचवलेला आढळेल, तो वापरू नका. विंडोज ८ पासून पुढे तो बरोबर आकडे दाखवत नाही.

धागाकर्ती

दादा, धन्यवाद. चालवून पाहिलं. लाल अक्षरांत आलं की हे मशीन रिअल-टाइम ऑडिओ हाताळू शकत नाही असं दिसतं, आवाज तुटण्याची आणि टकटक होण्याची शक्यता आहे. सर्वांत वर एनडीआयएस.एसवायएस ही फाइल आहे आणि तिच्यापुढे साडेचार हजार मायक्रोसेकंदांच्या वरचा आकडा. दुसरी एसीपीआय.एसवायएस, ती हजाराच्या आसपास. साउंडची फाइल खूप खाली आहे. एनडीआयएस म्हणजे नेटवर्कचं काहीतरी ना? मी तर रेकॉर्डिंग करताना इंटरनेट वापरतच नाही. मग त्याचा आवाजाशी काय संबंध?

प्रतिसाद

बरोबर प्रश्न विचारलात, सगळी गोम तिथेच आहे. सावकाश सांगतो.

यूएसबी इंटरफेस सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं) या गतीने आवाज सतत पाठवत असतो. ते नमुने बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या जागेत, साठतात आणि प्रोसेसरने वेळेवर येऊन ते उचलायचे असतात. नळाला पाणी चालू आहे, हंडा भरला की दुसरा लावायचा आहे, आणि लावणारं माणूस तेवढ्यात दुसऱ्याच कामात अडकलं तर पाणी सांडणारच. माणूस किती ताकदीचं आहे याचा इथे उपयोग नाही.

आता अडकतं कुठे? कुठल्याही उपकरणाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला इंटरप्ट देतं. त्या उपकरणाचा ड्रायव्हर तातडीचं काम लगेच उरकतो, त्याला आयएसआर म्हणतात, आणि उरलेलं थोड्या वेळाने करतो, ते डीपीसी. डीपीसी चालू असेपर्यंत प्रोसेसरच्या त्या कोअरवर (भागावर) ऑडॅसिटीला वेळ मिळत नाही. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन तिला कितीही वरचं प्राधान्य दिलं तरी नाही, कारण डीपीसी त्या सगळ्या प्राधान्यांच्या वर आहे. त्याच कोअरवर साउंडचं डीपीसी रांगेत असेल तर तेही थांबून राहतं. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टचा दंडक आहे : डीपीसी १०० मायक्रोसेकंदांच्या आत आणि आयएसआर २५ मायक्रोसेकंदांच्या आत आटपला पाहिजे. तुमच्याकडे साडेचार हजार आहे. ४४,१००च्या हिशेबाने तेवढ्या वेळात साधारण २०० नमुने येऊन जातात. यूएसबी ऑडिओत एकदा हुकलेलं पाकीट परत मागवता येत नाही, तशी सोयच त्यात नाही. तुम्हाला तरंगात दिसलेली उभी रेघ तीच.

टास्क मॅनेजर शांत का दिसतो तेही यातच आलं. साडेचार मिलिसेकंद म्हणजे एका सेकंदाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. सरासरीत ते दिसणार कसं?

इंटरनेट वापरत नसलात तरी वायफाय चालू असलं की ते मधून मधून आसपासची नेटवर्कं चाचपत राहतं. एनडीआयएस ही विंडोजची स्वतःची फाइल आहे, नेटवर्कचे सगळे ड्रायव्हर तिच्यामार्फत चालतात, त्यामुळे नाव तिचं लागतं. खरा ढिला ड्रायव्हर तिच्या मागे असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या अडॅप्टरवर राइट क्लिक करून 'डिसेबल' करा आणि लॅटेन्सीमॉन पुन्हा चालवा. नुसता एअरप्लेन मोड लावू नका. त्यात रेडिओ बंद होतो, पण ड्रायव्हर चालूच राहतो.

धागाकर्ती

केलं. वायफाय डिसेबल केल्यावर एनडीआयएस यादीत पार खाली गेली, तिचा आकडा शंभरच्या आत आला! त्या वायफायच्या ड्रायव्हरची तारीख २०१३ची आहे. म्हणजे विंडोज १० यायच्या आधीचा, आणि अपग्रेड करताना तोच तसाच पुढे आलेला. लॅपटॉप कंपनीच्या साइटवर माझ्या मॉडेलला विंडोज ८.१च्या पुढे काहीच नाही. आता नवा ड्रायव्हर आणू कुठून?

दुसरं म्हणजे, टकटक खूप कमी झाली पण पूर्ण गेली नाही. आता ती ठरावीक अंतराने येते असं वाटतं.

प्रतिसाद

लॅपटॉप कंपनीकडे नसेल तर वायफायची चिप बनवणाऱ्या कंपनीकडे पाहायचं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'डिटेल्स' टॅब आहे, तिथल्या यादीतून 'हार्डवेअर आयडीज' निवडा. व्हेन आणि डेव्ह या अक्षरांपुढे चार-चार आकडे-अक्षरं दिसतील. पहिली चार कंपनीची, पुढची चार नेमक्या चिपची. त्यावरून मूळ कंपनीच्या साइटवर शोधा. तिसऱ्याच कुठल्या तरी साइटवरून घेऊ नका. बसवण्याआधी रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. बिघडलंच तर 'रोल बॅक ड्रायव्हर' आहेच.

आणि 'सर्वोत्तम ड्रायव्हर बसवलेला आहे' या उत्तरावर जाऊ नका. विंडोजला स्वतःच्या साठ्यात याहून बरा सापडला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

ठरावीक अंतराने येणारी टकटक ही एसीपीआयची, म्हणजे वीज आणि बॅटरी सांभाळणाऱ्या भागाची, दिसते. लॅपटॉपात बॅटरी किती उरली हे ठरावीक वेळाने विचारलं जातं, आणि काही जुन्या बायोसमध्ये (मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्राममध्ये) त्या उत्तराला फार वेळ लागतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'बॅटरीज' खाली 'एसीपीआय-कम्प्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' आहे, ती रेकॉर्डिंगपुरती डिसेबल करून पाहा. तेवढा वेळ बॅटरीची टक्केवारी दिसणार नाही आणि संपत आल्याची सूचनाही मिळणार नाही, म्हणून चार्जर लावलेलाच ठेवा. काम झालं की आठवणीने पुन्हा चालू करा.

बायोस अद्ययावत करूनही हे सुटू शकतं, पण त्या कामात मधेच लाइट गेली तर मदरबोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. तुमच्याकडे लाइटचा भरवसा नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

आणखी एक प्रतिसाद

वरच्या सल्ल्यात थोडी भर घालते. मी घरी गाणं भरते, त्यामुळे या सगळ्यातून गेले आहे.

पॉवर ऑप्शन्समध्ये 'हाय परफॉर्मन्स' ठेवा, आणि तिथेच प्रगत सेटिंगमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. ऑडॅसिटीच्या ऑडिओ सेटिंगमध्ये होस्ट 'वासापी' (विंडोजची आवाज हाताळायची एक पद्धत) करा. बफरची लांबी मुळात १०० मिलिसेकंद असते, ती २०० ते ३०० करा. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत गाणाऱ्याला लहान बफर लागतो, नाहीतर आवाज उशिरा ऐकू येतो. कॅसेट उतरवताना तो प्रश्नच नाही, तेव्हा बफर हवा तेवढा मोठा ठेवा. मात्र आधी ड्रायव्हर, मग बफर. यूएसबीच्या पायरीवरच नमुने सांडले असतील तर ऑडॅसिटीचा बफर कितीही वाढवून ते परत येणार नाहीत.

ऑडॅसिटीच्या प्रेफरन्सेसमध्ये 'रेकॉर्डिंग' खाली ड्रॉपआउट ओळखण्याची खूण चालू आहे ना ते पाहा. रेकॉर्डिंगमध्ये काही निसटल्याचं ऑडॅसिटीच्या लक्षात आलं तर ती त्या जागी लेबल लावते. तिला प्रत्येक तुटलेली जागा कळतेच असं नाही, तेव्हा कानांनी ऐकणं टाळू नका. आणि ताई, जी फीत गेली तरी चालेल अशी एखादी फिल्मी गाण्यांची कॅसेट आधी अख्खी भरून पाहा. ओव्यांची फीत शेवटी लावा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. चिप कंपनीच्या साइटवर २०१९चा ड्रायव्हर मिळाला, तो बसवला. वायफाय चालू ठेवूनही आता एनडीआयएस दोनशेच्या पुढे जात नाही. तरी रेकॉर्डिंगच्या वेळी मी वायफाय डिसेबलच ठेवते, उगाच जोखीम कशाला. बॅटरी डिसेबल केल्यावर ती ठरावीक टकटक पूर्ण थांबली. बफर ३०० केला. भजनांच्या एका कॅसेटच्या दोन्ही बाजू भरून पाहिल्या, एकही लेबल आलं नाही आणि ऐकतानाही कुठे तुटलं नाही. मग ओव्यांची ६० मिनिटांची कॅसेट लावली. पूर्ण उतरली, स्वच्छ. वेव्ह फाइल तशीच राखून दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवली आहे, नॉइज रिडक्शन वगैरे काही केलं तर ते प्रतीवरच करीन. पातळ फितीची कॅसेट आता याच सेटिंगवर लावणार आहे.

नवा प्रतिसाद

धागा वाचून मीही लॅटेन्सीमॉन चालवला. माझा डेस्कटॉप आहे, व्हिडिओ बघताना आवाज अडखळतो. वायफाय नाहीच, केबल आहे. माझ्याकडे सर्वांत वर एनव्हीएलडीडीएमकेएम.एसवायएस येते. हे काय?

प्रतिसाद

ती एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरची फाइल. आकडा किती आहे ते आधी लिहा, शे-दोनशे असेल तर कारण वेगळं शोधावं लागेल. हजाराच्या वर असेल तर तुमच्या कार्डाला चालणारा नवा ड्रायव्हर अधिकृत साइटवरून घ्या आणि बसवताना 'क्लीन इन्स्टॉल'ची खूण करा. शिवाय एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर मॅनेजमेंट मोड 'प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स' करून पाहा, कार्डाचा वेग सतत वर-खाली होत असेल तर त्याने फरक पडतो. एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलानंतर लॅटेन्सीमॉन चालवून आकडा इथे टाका.