पास आऊट झालो की चक्कर येऊन पडलो?

मेकॅनिकलवाला: मंडळी एक शंका. कॅनडात मास्टर्ससाठी एसओपी, म्हणजे प्रवेश अर्जासोबतचा स्टेटमेंट ऑफ पर्पज, लिहिलाय, पहिलंच वाक्य "आय पास्ड आऊट फ्रॉम कॉलेज इन 2022". मावसबहीण टोरंटोला असते तिला वाचायला पाठवला तर तिनं खाली लाल रेघ मारून बाजूला लिहिलंय, "मग तोंडावर पाणी कोणी मारलं?" आता आपल्याकडे नोकरीच्या जाहिरातीत पण "2022 पासआऊट" छापतात, मग हे खरंच चूक आहे का ती उगाच भाव खातेय?

चहाबाज: बहीण बरोबर आहे. तिकडे पास आऊट म्हणजे भोवळ येऊन पडणं, नाहीतर जास्त झाली की आडवं होणं. आपण नाही का म्हणत "दोन पेगमध्येच आऊट झाला", तोच आऊट. ग्रॅज्युएटेड लिही आणि मोकळा हो.

खडकवासलेकर: अगदीच चूक नाही हां. आमच्या इथे एनडीएची, म्हणजे सैन्याच्या नॅशनल डिफेन्स अकॅडमीची, पासिंग आऊट परेड वर्षातून दोनदा असते, मे आणि नोव्हेंबरला, मे 2025 मध्ये मुलींची पहिली बॅच पास आऊट झाली, 17 जणी. ब्रिटिश इंग्लिशमध्ये हा अर्थ अजून चालतो पण सैन्य, पोलीस असलं ट्रेनिंग असेल तरच. कॉलेजला तो आपण चिकटवला. बाकी उन्हात सावधानमध्ये उभं राहून परेडलाच कोणी पास आऊट होऊ नये म्हणून एनसीसीत आम्हाला सांगायचे, गुडघे ताठ धरू नका, बुटात बोटं हलवत राहा :)

रिकामटेकडी: अमेरिकेत वाटणे असा पण अर्थ आहे, पेपर वगैरे. तेव्हा "पास देम आऊट" असं मधे घालता येतं, बेशुद्धीवाल्यात कर्म येतच नाही. आणि पास अवेशी घोळ करू नका बाबांनो, आमच्या ऑफिसात एकानं साहेबांचे वडील वारले तर मेलमध्ये "पास्ड आऊट" लिहिलं, परदेशातल्या टीमकडून "गेट वेल सून" आलं.

मेकॅनिकलवाला: बापरे. ग्रॅज्युएटेड केलं. पण रेझ्युमेत "2022 पासआऊट बॅच" आहे त्याचं काय करू?

चहाबाज: "क्लास ऑफ 2022". आणि पाठवायच्या आधी परत बहिणीला दाखव, आम्हाला नको.