मदत हवी आहे: ब्रॉडबँड केंद्रासाठी उणे ४८ व्होल्टचा पॉवर प्लांट कसा निवडावा?

नमस्कार.

मंडणगड तालुक्यात आमची ब्रॉडबँडची छोटी सेवा आहे. टेकडीवरच्या एका चिरेबंदी खोलीत ओएलटी (ग्राहकांच्या फायबर जोडण्या जिथे एकत्र येतात ते उपकरण), राउटर, स्विच आणि पुढच्या दोन गावांना जोडणारे दोन मायक्रोवेव्ह रेडिओ बसवलेले आहेत. आजवर हे सारे २३० व्होल्टच्या इन्व्हर्टरवर चालत आले आहे. बॅटरीतल्या डीसीचे इन्व्हर्टर एसी करतो आणि प्रत्येक उपकरण पुन्हा त्याचे डीसी करून घेते, त्यात वीज वाया जाते हे तर आहेच. पण खरी अडचण अशी की इन्व्हर्टर बिघडला की बॅटरी भरलेली असूनही केंद्र बंद पडते. गेल्या पावसाळ्यात असे दोनदा झाले, आणि त्यातल्या एका रात्री गावातल्या दवाखान्याची जोडणीही सकाळपर्यंत बंद राहिली. म्हणून आता थेट उणे ४८ व्होल्टवर, म्हणजे एसीचे डीसी करून बॅटरी चार्ज करणाऱ्या आणि उपकरणांना थेट डीसी देणाऱ्या पॉवर प्लांटवर जायचे ठरवले आहे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे वीज यायला किती दिवस गेले ते इकडच्या लोकांना आठवत असेल. तेवढा साठा बॅटरीत ठेवणे परवडणार नाही, त्यासाठी जनरेटर लागेल. बॅटरीने ८ तास निभावून न्यावे एवढीच अपेक्षा आहे.

उपकरणांवरच्या पाट्यांवरून बेरीज केली तर भार ४५० वॅट, म्हणजे सुमारे ९.४ अँपिअर होतो. ८ तासांना ७५ अँपिअर-तास लागतात. बॅटरी ८० टक्क्यांपलीकडे उतरवायची नाही आणि जुनी झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांवर येईल हे धरले, तर आकडा ११७ वर जातो, म्हणून १५० अँपिअर-तासांची बँक घ्यावी असे वाटते. चार्जिंगचे १५ अँपिअर धरून एकूण २५ अँपिअर लागतील. २५ अँपिअरची दोन रेक्टिफायर मॉड्यूल (एसीचे डीसी करणारे भाग) घेतली, तर एक बंद पडले तरी दुसरे पूर्ण भार ओढेल. हे गणित बरोबर आहे का?

दुसरी शंका बॅटरीची. व्हीआरएलएचे (सीलबंद शिशाच्या बॅटरीचे) २ व्होल्टचे २४ सेल आणि ५४ व्होल्टचे फ्लोट (बॅटरी भरलेली राहावी म्हणून सतत दिलेले व्होल्टेज) ही ओळखीची रचना आहे, पण मे महिन्यात आमच्या खोलीत पारा ३८ अंशांवर जातो. लिथियम आयर्न फॉस्फेटसाठी एका विक्रेत्याने १५ सेलची बँक सुचवली आहे, दुसऱ्याने १६ सेलची, आणि दोघेही आपापलीच योग्य म्हणतात. तिसरी शंका अशी की स्विच १२ व्होल्टवर चालतो, त्याला कोणता कन्व्हर्टर लावावा? शिवाय खाली सगळा जांभा असल्यामुळे अर्थिंगचा सळिया दोन हातही आत जात नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

आपले गणित बरोबर आहे, मात्र त्याचा पाया कच्चा आहे. पाटीवर उपकरणाची कमाल मर्यादा लिहिलेली असते, प्रत्यक्ष वापर बहुधा बराच कमी असतो. आधी मोजून घ्या.

३८ अंशांच्या खोलीत मी लिथियम घेईन. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य दर १० अंशांच्या वाढीमागे साधारण निम्मे होते. ती घेतलीतच, तर तापमानाचा सेन्सर बॅटरीलाच चिकटवा, कारण दर अंशामागे प्रति सेल सुमारे ३ मिलिव्होल्ट, म्हणजे २४ सेलना ७२ मिलिव्होल्ट फ्लोट कमी व्हायला हवे. लिथियममध्ये ५४ व्होल्ट १५ सेलना दिले तर प्रत्येकी ३.६ व्होल्ट पडतात, आणि सेल कायम इतका काठोकाठ भरलेला ठेवणे चांगले नाही. १६ सेलना तेच ३.३७५ पडतात, म्हणून मी १६ सेलची बँक निवडेन. पॉवर प्लांटच्या कंट्रोलरचा बॅटरीच्या बीएमएसशी (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या तिच्या आतल्या सर्किटशी) संवाद होतो का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

कन्व्हर्टरच्या बाबतीत मात्र काटकसर करू नका. तांब्याच्या तारा ओलाव्यात गंजू नयेत म्हणून दूरसंचारात पॉझिटिव्ह टोक अर्थ करण्याची जुनी पद्धत आहे. साधा, आयसोलेशन नसलेला (येणारी आणि जाणारी वीज एकमेकींपासून अलग न ठेवणारा) कन्व्हर्टर येणाऱ्या आणि जाणाऱ्या बाजूचा निगेटिव्ह एकच ठेवतो. तुमच्या स्विचचा निगेटिव्ह त्याच्या धातूच्या पेटीला जोडलेला असेल, तर ती पेटी उणे ४८ व्होल्टवर येईल आणि अर्थ केलेल्या रॅकला टेकताच शॉर्ट होईल. आयसोलेटेड कन्व्हर्टरच घ्या.

जांभ्यात खोल जाण्याचा हट्ट सोडा. खोलीभोवती चर खणून जस्ताचा मुलामा दिलेली पट्टी आडवी पुरा, चर बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) आणि बाहेरून आणलेल्या मातीने भरा, आणि टॉवर, रॅक व पॉझिटिव्ह बसबार (सगळ्या पॉझिटिव्ह तारा जिथे जोडतात ती धातूची पट्टी) यांची अर्थिंग वेगवेगळी न ठेवता एकत्र जोडा.

धागाकर्त्याचा प्रतिसाद:

मनापासून आभार. आपल्या सांगण्यावरून इन्व्हर्टरच्या पुढे वॉटमीटर लावून दोन दिवस नोंद केली. संध्याकाळच्या गर्दीतही भार ३१० वॅटच्या वर गेला नाही. म्हणजे ६.५ अँपिअर, आणि त्याच हिशेबाने ८१ अँपिअर-तास. तेव्हा १६ सेलची १०० अँपिअर-तासांची बँक पुरेल असे दिसते.

आता एकच गोष्ट विचारायची आहे. पुढची दोन गावे रेडिओवर आणि राउटरवर अवलंबून आहेत. बॅटरी उतरत आली की आधी ओएलटी तुटावा आणि रेडिओ, राउटर शेवटपर्यंत चालू राहावेत, अशी दोन टप्प्यांत भार तोडण्याची सोय या लहान क्षमतेच्या पॉवर प्लांटमध्ये मिळते का, आणि १६ सेलच्या बँकेसाठी पहिला टप्पा किती व्होल्टवर ठेवावा?