आईचा बीपी, मिश्री अन् "मला काय होतंय" – हार्टसाठी रोजचं काय बदलावं?

परभणीची_लेक:
आईचं वय ५२, पाळी गेलीय, बीपी आहे. गोळी डोकं दुखलं तरच घेते, "बरं वाटायलंय मग कशाला खाऊ" म्हणते. सकाळी उठलं की दाताला तंबाखूची मिश्री, ती काही सुटंना. फिरायला चल म्हणलं की "दिवसभर पायावरच हाय की मी". गल्लीतल्या एका काकूंना अटॅक आला तेव्हापासनं मलाच धडकी भरलीय. घरच्या घरी काय करता येईल सांगा, ओट्स बिट्स ती खाणार नाही. अन् करडीचं तेल चालतं का?

लातूरची_सून:
ओट्स कशाला, ज्वारीची भाकरी आहे की आपली! करडीचं तेल चांगलंय पण चांगलं म्हणून ओतायचं नाही, माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या आसपास. आमच्यात महिन्याचं तेल एकदाच मोजून बरणीत काढतो, संपलं की संपलं. भज्याचं उरलेलं परत तळायला घेऊ नका. खरी गोम मात्र वेगळीच आहे, आई शेवटी जेवते का बघा. सगळ्यांचं होईपर्यंत भाजी खरडून संपलेली असते मग ठेचा नाहीतर लोणच्यावर भाकरी, म्हणजे मीठच मीठ अन् भाजी नावाला नाही. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत पाहिजे, एक छोटा चमचा, पापड लोणचं धरून. तिची भाजी आधीच वाटीत काढून ठेवा. अन् एकादशीला साबुदाणा-वेफर्सपेक्षा भगर बरी.

बीडचा_भाऊ:
रोज उपाशीपोटी लसूण द्या, गोळीची गरजच पडत नाही.

सिस्टर_नांदेड:
भाऊ, लसूण खाऊ द्या पण गोळी बंद करायला सांगू नका हो, असे पेशंट आम्हीच बघतो. बीपी वाढला तरी बऱ्याचदा काहीच जाणवत नाही, म्हणून तर गोळी रोज लागते. मिश्री म्हणजे तंबाखूच, निकोटीननं बीपी अन् ठोके दोन्ही वाढतात, दात साफ करायला पेस्ट आणून द्या अन् डबी आठवडाभरात हळूहळू कमी करा. घरकामानं दमायला होतं पण दम लागत नाही. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही असं चालायचं, आठवड्याला १५० मिनिटं, आत्ताच्या उन्हात पहाटेच बरं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं अन् धोका वाढतो, पोट सुटत असेल तर कंबर मोजा, ८० सेंटीमीटरच्या आत पाहिजे. आरोग्यवर्धिनी केंद्रात (आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) बीपी-शुगर फुकट बघतात, तिशीच्या पुढं तूही बघून घे, गरोदरपणात बीपी नाहीतर शुगर वाढली असेल तर नक्कीच. अन् छाती भरून येणं, जबडा-पाठ दुखणं, दम, घाम, मळमळ असं अचानक झालं तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका, १०८ लावा.

परभणीची_लेक:
आईला वाचून दाखवलं. मिश्रीवर गप्पच बसली, पण "शेजारची येत असंल तर येते फिरायला" म्हणली. सिस्टर, गोळी सकाळी विसरती, रात्री दिली तर?

सिस्टर_नांदेड:
डॉक्टरला विचारून वेळ बदल, मग रोज तीच वेळ. चहाच्या डब्यापाशी ठेव.