यकृतातलं गळू छातीत फुटलंय, हे ओळखायचं कसं?

एमओ_ग्रामीण: उजव्या छातीत पाणी आणि ताप दिसला की आपल्याकडे हात आधी टीबीच्या औषधांकडे जातो. पण पेशंट दारू पिणारा, तिशी-चाळिशीतला, उजव्या बरगड्यांवर दाबलं की कळवळतो आणि एक्स-रेत उजवा डायाफ्राम (छाती आणि पोटामधला स्नायूचा पडदा) वर चढलेला. यकृतातलं अमिबाचं (आतड्यातून आलेल्या एकपेशीय परजीवीचं) गळू छातीत फुटलंय की शेजारच्या सुजेनं नुसतं पाणी झालंय, कशावरून ठरवायचं? उपचार बदलतात का?

फिजिशियन_एमडी: आधी पोटाची सोनोग्राफी, मग छातीतलं पाणी काढून बघा. गळू डायाफ्रामला टेकलं की पातळ, पिवळसर पाणी जमतं. औषधानं ते जिरतं. फुटलं असेल तर सिरिंजमध्ये दाट, चॉकलेटी पू येतो आणि त्याला वास नसतो. वास आलाच तर जिवाणूही मिसळलेत. पुवात अमिबा दिसला नाही म्हणून निदान सोडू नका. तो गळूच्या भिंतीशी असतो, मधला पू म्हणजे विरघळलेलं यकृत. शौचाचा रिपोर्टही बहुधा निगेटिव्हच येतो.

छाती_सर्जन: उपचार नक्कीच बदलतात. मेट्रोनिडाझोल 800 मिग्रॅ दिवसातून तीनदा, 10 दिवस, हे दोन्हींत. पू असेल तर सोबत जाड आयसीडी, म्हणजे छातीतला पू काढायची नळी, 28 किंवा 32 फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप). बारीक, टोकाला वळलेली पिगटेल नळी छातीतल्या दाट पुवानं चोंदते. डायाफ्राम वर चढलेला असतो हे ध्यानात ठेवा. सोनोग्राफीनं खूण न करता अंदाजानं नळी घातली तर ती थेट यकृतात जाते. यकृतातलं गळूही रिकामं करा, नाहीतर छाती पुन्हा भरते. उशीर झाला की फुप्फुसावर जाड साल धरते, ती ऑपरेशननंच काढावी लागते.

एमओ_ग्रामीण: आणि पू खोकल्यातून पडत असेल तर?

फिजिशियन_एमडी: म्हणजे गळूनं श्वासनलिकेत वाट काढली. या तपकिरी बेडक्यांना रक्त समजून टीबीचा शिक्का बसतो, ही चूक फार महाग पडते. औषध चालू ठेवलं की बहुतेकदा ऑपरेशन लागत नाही. झोपवताना उजवी कूस खाली, म्हणजे पू डाव्या फुप्फुसात उतरत नाही. बेडका पिवळा-हिरवा, कडू लागला तर त्यात पित्त आहे. पेशंटला मोठ्या रुग्णालयात पाठवा. गळू यकृताच्या डाव्या लोबमध्ये (भागात) असेल तर इको (हृदयाची सोनोग्राफी) करा, ते हृदयाच्या आवरणात फुटू शकतं.

छाती_सर्जन: शेवटी आतड्यातला अमिबा मारायला डायलोक्सानाइड 500 मिग्रॅ तीनदा, 10 दिवस. हे सर्रास राहून जातं. मेट्रोनिडाझोलनं आतड्यातल्या सिस्ट (अमिबाची कवचातली रूपं) भरवशानं मरत नाहीत.